कुंपणावरचं फूल कोणाचं?

दत्तभक्तहो, प्रश्न अगदी साधा आहे. शेजारच्या कुंपणावरून एक फांदी रस्त्याच्या अंगाला झुकलेली आहे. तिच्यावर टपोरी, लालभडक जास्वंद उमललेली आहे. आपण सकाळचं फिरून परत येतोय, घरी देवपूजा व्हायची आहे, आणि आजूबाजूला कोणी नाही. ते फूल तोडून घ्यावं की नाही?

हा प्रश्न कोणत्याही गावात, कोणत्याही आळीत विचारून बघा, लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "अहो, देवासाठीच नेतोय ना? झाडावर सुकून जाण्यापेक्षा देवाच्या पायाशी गेलेलं काय वाईट? आणि फांदी तर रस्त्यावर आलीय." दुसरा पक्ष झाड लावणाऱ्याचा. तो म्हणतो, "वर्षभर पाणी मी घालायचं, पांढरी कीड पडली की कडुनिंबाचं पाणी मी मारायचं, आणि माझ्या देवाला मात्र बाजारची फुलं!" मग कुंपणावर पाटी लागते, 'फुले तोडू नयेत'. पाटी लागली की फुलं जरा आणखी पहाटे तोडली जातात, एवढाच फरक.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपल्या उतारवयातला मोठा भाग याच चार भिंतींच्या आत आणि याच दहा-बारा घरांच्या सोबतीत जायचा आहे. मुलं पुण्या-मुंबईला, कोणाची त्याही पलीकडे. अडीनडीला हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर जो आहे तो शेजारी. त्याच्याशी आपलं नातं कसं असावं, हे बऱ्याचदा एका फुलावरून, एका कढीपत्त्याच्या काडीवरून ठरतं.

आधी शास्त्र काय म्हणतं ते पाहू, कारण फूल तोडणारे बहुतेक वेळा शास्त्राचाच आधार घेतात. आणि त्यांचा आधार खोटा नाही. गौतमाच्या धर्मसूत्रात सांगितलं आहे की गाईसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड आणि वेलींची-झाडांची फुलं माणसाने आपलीच समजून घ्यावीत. फळांच्या बाबतीत मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच घ्यावीत, अशी अट तिथे आहे. मनुस्मृतीतही होमासाठी लाकूड, गाईसाठी गवत, झाडांची मुळं-फळं घेणं याला चोरी म्हटलेलं नाही. म्हणजे देवासाठी फूल घेणाऱ्या आजोबांना चोर म्हणायला आपले प्राचीन शास्त्रकारही धजले नाहीत. मग आपण तरी का म्हणावं?

पण ज्या काळात हे लिहिलं गेलं, त्या काळी गावाभोवती रान होतं. फुलं मुबलक होती. आज कोणाच्या तरी गॅलरीत बारा इंची कुंडीत एक जास्वंद आहे, तिला दिवसाला दोन फुलं येतात, आणि त्या घरातल्या आजी ती दोन फुलं मोजून ठेवतात, एक गणपतीला, एक देवीला. रानातल्या मुबलकतेचा नियम कुंडीतल्या टंचाईला लावता येत नाही. आणि समजा, शास्त्राने दोष दिला नाही, तरी आणखी एक गोष्ट उरतेच. फूल न विचारता नेलं तर देवाला फूल मिळालं, आपल्याला पुण्य मिळालं असं आपण धरू. पण दोन घरांमध्ये काय घडलं? काहीच नाही. विचारून नेलं असतं तर दाराशी दोन शब्द झाले असते. "या ना आत, चहा टाकलाय," झालं असतं. "गुडघा कसा आहे आता?" झालं असतं. न विचारता नेलेल्या फुलात हे सगळं बुडतं. झाडाच्या मालकाचं फूल तर जातंच, शिवाय देण्याचा त्याचा आनंदही जातो. आपलं तर त्याहून जास्त जातं, कारण उद्या त्याच्या डोळ्याला डोळा भिडवताना आपल्याला थोडं अवघडायला होतं.

आपल्या सणवारांकडे या नजरेनं पाहिलं की एक गंमत लक्षात येते. गणपतीला एकवीस पत्री लागतात. बेल, दूर्वा, तुळस, शमी, आघाडा, माका, मरवा, डोरली, रुई, कण्हेर, डाळिंब, जाई, हादगा... ही यादी पुरी करायला एका घरचं परसू कधीच पुरत नाही. हरतालिकेला, मंगळागौरीला पत्री लागते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटात पाच झाडांच्या डहाळ्या लागतात. तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंचा, आवळे लागतात. ज्यांनी ही व्रतं बसवली त्यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण परिणाम काय होत असे हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी पोरं परड्यापरड्यातून हिंडायची. "काकू, शमी आहे का हो?" "शमी नाही रे बाळा, पण माका आहे, तो ने. आणि तुमच्याकडचा मरवा धाड थोडा." पूजा एका घरात व्हायची आणि तिची तयारी अख्ख्या आळीत व्हायची.

आता पत्रीची जुडी बाजारात बांधून मिळते. मिळू द्या, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. गुडघे दुखत असताना कोणी रानोमाळ हिंडावं असं मी म्हणणार नाही, आणि ती जुडी विकणाऱ्या बाईचंही पोट त्यावर आहे. पण बाजाराच्या जुडीबरोबर आपली मागण्याची सवय मोडली, हे खरं. आणि मागण्याची सवय मोडली की हळूहळू मागण्याची लाज वाटू लागते. "कशाला कोणाचं मिंधं व्हायचं? आपल्याला काय कमी आहे?" हे वाक्य आज घरोघर ऐकू येतं. वरवर पाहता यात स्वाभिमान दिसतो. पण जो कधी कोणाकडे काही मागत नाही, त्याच्याकडे मागायला यायलाही लोक कचरतात. मग दोन्ही दारं बंद राहतात, आणि दोन्ही घरं स्वाभिमानी असूनही एकटी पडतात.

आपण दत्तसंप्रदायातले. आपल्याला तरी मागण्याची लाज वाटू नये. आपल्या दैवताच्या खांद्याला झोळी आहे. महाराज रोज भिक्षेला कोल्हापुरात येतात अशी आपली श्रद्धा आहे. ज्याच्या एका दृष्टिक्षेपात भांडार भरावं, तो दारोदार 'भिक्षां देहि' म्हणत का फिरतो? माझ्या अल्पबुद्धीला वाटतं ते असं, की मागितल्याशिवाय देणाऱ्याला देता येत नाही. झोळी पुढे करणारा देणाऱ्याचा हात उघडतो.

मात्र मागण्यालाही मर्यादा आहे, आणि ती अवधूतानेच शिकवली आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगताना अवधूत भुंग्याचं नाव घेतो. दत्तभक्त जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथमहाराज यांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतात हाच भाग मराठीत विस्ताराने आला आहे. भुंगा अनेक फुलांवरून थोडं थोडं घेतो, एका फुलाला इजा करत नाही. म्हणून तर अशा भिक्षेला 'मधुकरी' म्हणतात. पुढे मधमाशीचा दुसरा धडाही आहे. तो साठवण्याचा. मधमाशी साठवते आणि त्या साठ्यापायीच पोळं गमावते. बागेच्या बाबतीत दोन्ही धडे लागू पडतात. घ्यायचं तर एका झाडाला ओरबाडू नये. पहिली कळी, शेवटचं फूल घेऊ नये. आणि आपल्याकडे पिकलं तर घरात दाबून ठेवू नये. एका झाडावर एका वेळी पाच पपया पिकल्या आणि घरात माणसं दोन, तर तीन पपया वाटल्या नाहीत तर सडणारच.

पपईवरून आठवलं. आपल्याकडच्या जुन्या गावठी पपईत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. नर झाडाला लांब देठांवर लोंबणारी फुलं येतात, फळ धरत नाही. माणूस कंटाळून ते तोडतो. पण त्याच नर झाडाचा पराग पलीकडच्या परसातल्या मादी झाडापर्यंत जातो आणि तिथे चांगलं बियाळ फळ धरतं. करटोल्याच्या वेलाचंही असंच आहे, नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. म्हणजे माझ्या झाडाच्या फळात शेजारच्या बिनफळाच्या झाडाचा वाटा असू शकतो, आणि तो मला दिसतही नाही. कुंपण माणसांनी घातलं. माशीला आणि वाऱ्याला ते माहीत नाही. 'हे माझ्या कष्टाचं फळ' असं म्हणताना एवढं ध्यानात राहिलं तरी पुष्कळ.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे झाड लावणाऱ्याच्या मनाकडे येऊ. झाड लावलं की माया लागते. माया लागली की 'माझं' आलं. दत्तभक्ताला इथे गुरुचरित्राचा अठरावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. कृष्णा-पंचगंगेच्या परिसरातलं ते दरिद्री ब्राह्मणाचं घर. दारात घेवड्याचा वेल. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी त्या वेलाच्या शेंगांवर घर चालायचं. श्रीनृसिंहसरस्वती भिक्षेला आले तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून घेवड्याची भाजी वाढली गेली. महाराज तृप्त झाले आणि जाताना त्यांनी तो वेलच मुळापासून तोडून टाकला. घरची बाई कळवळून रडली. नवऱ्याने तिची समजूत घातली. पुढे वेलाचं मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. आजही दत्ताच्या नैवेद्याला आपण घेवड्याची भाजी आवर्जून करतो ती या कथेच्या आठवणीनेच.

या कथेचा अर्थ आपण असा घेतो की ज्याला आपण आधार समजून घट्ट धरतो, तोच कधी कधी मोठ्या कृपेच्या आड येतो. अर्थ खराच आहे. पण या कथेचा गैरवापरही होऊ शकतो. कोणी शेजाऱ्याची फांदी छाटली, फुलं ओरबाडली, आणि वर म्हणाला, "अहो, एवढी आसक्ती बरी नव्हे, गुरुचरित्र वाचा," तर ते चालेल का? नाही चालणार. महाराजांनी वेल तोडला तेव्हा त्याहून मोठं देण्याचं सामर्थ्य त्यांच्या हाती होतं. आपल्या हाती फक्त कात्री आहे. त्या बाईचं रडणंही खोटं नव्हतं. तिची भाकरीच त्या वेलावर होती. वैराग्य करायचं ते स्वतःच्या वेलावर. शेजाऱ्याच्या वेलावर फक्त विचारपूस करायची. एवढं पथ्य दोन्ही बाजूंनी पाळलं तर निम्मी भांडणं उगवणारच नाहीत.

बागेमुळे शेजारी जोडले जातात असं आपण सहज म्हणून जातो, पण बागेमुळे तुटलेले शेजारही आपण पाहिलेत. वरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं मातीचं पाणी खालच्या दोरीवरच्या धुतलेल्या चादरीवर गळतं. आंब्याचा पाला दुसऱ्याच्या पन्हाळीत साचतो आणि पहिल्या पावसात पाणी भिंतीत मुरतं. पिंपळ-उंबराचं रोप पक्ष्याच्या विष्ठेतून दोन घरांच्या सामाईक भिंतीत रुजतं, आणि 'देवाचं झाड' म्हणून काढायला कोणी धजत नाही. तोवर मुळं भिंत फोडतात. शहरात वाढलेलं झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ती वेगळीच. म्हणून रोप वीतभर आहे तोवरच दोन्ही घरांनी मिळून ते अलगद काढून मोकळ्या जागी, देवळाच्या पटांगणात नेऊन लावावं. औदुंबराला जागा हवी, त्याच्या फळांवर पाखरं यायला हवीत. त्याला भिंतीच्या फटीत कोंडून ठेवण्यात भक्ती कसली?

आमच्या माहितीतल्या एका इमारतीत वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या दोन घरांचं बोलणं असंच गळणाऱ्या पाण्यावरून बंद झालं. वरच्या वहिनी स्वभावाने चांगल्या. त्यांनी गोडी करायची म्हणून खाली कढीपत्ता पाठवला, गवती चहा पाठवला, अळूची पानं पाठवली. खालून सगळं जसंच्या तसं परत. वहिनी दुखावल्या. "बघा, मी द्यायला जाते तरी यांचा अहंकार!" मग त्यांच्या सासूबाईंनीच एकदा सुनावलं, "अगं, आधी कुंड्यांखाली ताटल्या ठेव, मग पानं पाठव." ताटल्या आल्या. पाणी सकाळी लवकर, खालच्या दोरीवर कपडे पडायच्या आत घालायचं ठरलं. पंधरा-वीस दिवस गेले. नंतर खालून वाटी आली, आणि आपल्या रीतीप्रमाणे रिकामी आली नाही, तिच्यात तिळाची चटणी होती.

सासूबाईंचं ते बोलणं मला फार मोलाचं वाटतं. समोरच्याचा त्रास आहे तसाच ठेवून त्याला भेट द्यायची, तर ती भेट लाच होते. समोरच्याला ते बरोबर कळतं. आधी न्याय, मग दान. आधी ताटली, मग कढीपत्ता.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. शेजाऱ्याला देताना मनात हिशेब असावा का? "आज मी दिलं तर उद्या तो धावून येईल," असं धरून दिलं तर ते देणं की विमा?

एक घडलेली गोष्ट सांगतो. एका आळीत एक वृद्ध बाई एकट्या राहत. रोज सकाळी आठच्या आत त्यांच्या अंगणातल्या तुळशीला पाणी पडायचं, वृंदावनापुढे चार बोटांची रांगोळी उमटायची. समोरच्या घरातली सून त्यांच्याकडून येता-जाता कढीपत्ता न्यायची, अर्थात हाक मारून. एके दिवशी नऊ वाजले तरी तुळशीपाशी जमीन कोरडी. सुनेने हाक मारली, ओ नाही. दार वाजवलं, ओ नाही. मागल्या दाराने आत शिरून पाहिलं तर बाई न्हाणीघरात पडलेल्या. पायाचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर होत्या. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

आता त्या बाईंनी कढीपत्ता दिला तो काय या दिवसासाठी? मुळीच नाही. तसा हिशेब धरून दिला असता तर तो दोन दिवसांत कडू झाला असता, कारण असा दिवस येईलच याची खात्री कोणाला? त्या देत होत्या कारण झाडाला पाला भरपूर होता आणि सुनेच्या फोडणीला तो हवा होता. सून धावली तीही कढीपत्त्याची परतफेड म्हणून नव्हे. रोज हाक मारायची सवय होती, म्हणून त्या दिवशी ओ आली नाही हे तिला कळलं. तीच सून रोज पहाटे गुपचूप पाला खुडून नेत असती, तर त्या दिवशीही पाला खुडूनच गेली असती.

गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी भीमा-अमरजा संगमावर वाळक्या लाकडाला पाणी घालत बसतो. लोक हसतात. अंकुर फुटेल अशी कोणतीही खूण समोर नाही. तरी गुरूंनी सांगितलं म्हणून तो घालत राहतो. शेजारधर्माचं पाणीही असंच घालावं लागतं. काही घरं वर्षानुवर्षं कोरडीच राहतात, आपल्या नमस्काराला साधी मानसुद्धा हलत नाही. अंकुर फुटवणं आपल्या हातात नाही. पाणी घालणं आहे.

म्हणून यंदाच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजन्माच्या पाळण्याआधी, प्रत्येकाने आपल्या अंगणात किंवा गॅलरीत एक तरी 'वाटायचं झाड' ठरवावं, एवढं सुचवावंसं वाटतं. फार मोठं काही नको. कढीपत्त्याच्या बुंध्याशी पिलं फुटतात, ती मुळासकट अलगद वेगळी करून देता येतात. गवती चहाचा ठोंब फोडला की एकाचे चार होतात. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या चुरगाळून टाकल्या की रोपांना तोटा नाही. ओव्याच्या पानांची काडी खोचली तरी जगते. जास्वंदीची फांदी पावसाळ्यात लावावी, तोवर शेजाऱ्याला शब्द देऊन ठेवावा. मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो म्हणतात, पण एकदा हक्काने मागून आणून बघा. पाणी मिळालं की तोही वाढतो, त्याला चोरीची सवय नाही. आणि गावाला जाताना कुंड्यांना पाणी घालायची किल्ली शेजारी ठेवून जावं. आपल्या झाडांची काळजी ज्याच्या हाती दिली, त्याच्यावर आपण विश्वास टाकला असं होतं, आणि विश्वास टाकल्याशिवाय विश्वासाचा माणूस मिळत नाही.

आता कुंपणावरच्या त्या जास्वंदीविषयी. शास्त्र तिला चोरी म्हणत नाही, तर आपणही म्हणू नये. तरीही माझ्यापुरतं उत्तर असं आहे. फूल झाड लावणाऱ्याचं, शोभा वाटेवरच्या सगळ्यांची, आणि मागितल्यावर मिळालेलं फूल देवाचं. घरमालक उठले नसतील तर थांबावं, किंवा आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावं. ते "घ्या हो, रोज घ्या, विचारता काय!" म्हणाले तरी दोन फुलं झाडावर ठेवून घ्यावं. आणि ज्यांच्या कुंपणावर पाटी आहे त्यांनी तिच्यात एक शब्द वाढवावा. 'फुले विचारून घ्यावीत.' तेवढ्यानेही दार अर्धं उघडं राहतं, आणि अर्ध्या उघड्या दारातून कोण झोळी घेऊन येईल हे आपल्याला काय ठाऊक?

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥